चर्चचं कुलूप

"चर्चला कुलूप... तुम्ही लावलंत?"

एज्रा पाटोळेने हे विचारलं तेव्हा तो उभा होता. उत्तर ऐकून बसला.

"मीच लावलं," चर्चचे म्हातारे पाळक आमोसबाबा म्हणाले. "दुसरं कोण लावणार? कुलूप आपलं, किल्ली आपली. तू आधी पाणी पी."

एज्राने तांब्या घेतला. एसटीने फाट्यावर सोडल्यापासून वाडीपर्यंतची वाट त्याने वैशाखाच्या उन्हात तुडवली होती. जीभ टाळूला चिकटली होती. तांब्या रिकामा झाला. बाबांनी काही न बोलता माठातून पुन्हा भरला. तोही रिकामा झाला.

पाणी गोड होतं. घशाखाली उतरत नव्हतं ते कुलूप.

त्याने दाराकडे पुन्हा पाहिलं. दगडी, बसकं चर्च. वर लोखंडी क्रूस. दाराला पितळी कुलूप, चांगलं तेल दिलेलं. छळ करणारे लोक कुलपाला तेल देत नाहीत, हे त्याच्या आता लक्षात आलं.

एज्रा हा जिल्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस. धामणखेडच्या वरच्या वाडीतल्या चर्चला कुलूप लागल्याची बातमी शहरात आली, तेव्हा ते कुणी लावलं हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. एज्राने संध्याकाळीच सभा घेतली. 'छळाच्या भट्टीत उभे असलेले विश्वासी' या विषयावर तो असा बोलला की बायका रडल्या. एका बाईंनी वाडीसाठी सोन्याची बांगडी काढून द्यायचं ठरवलं, पण ती काही केल्या मनगटातून निघाली नाही, आणि मग तो विषय मागे पडला.

आता गळ्यात कॅमेरा अडकवून तो स्वतः आला होता. फोटो त्याने वाटेतच मनात काढून ठेवला होता. बंद दार, पायरीवर वृद्ध पाळक, मागून ऊन.

पायरीवर वृद्ध पाळक होते. दार बंद होतं. ऊनसुद्धा मागूनच येत होतं.

फक्त फोटोचा काही उपयोग उरला नव्हता.

"पण का, बाबा?"

"सगळे आले नाहीत अजून. सगळे आले की उघडतो."

"कोण राहिलंय?"

बाबा चर्चच्या पायरीवर बसले होते, अगदी खालच्या. लोक चपला काढतात तिथे. त्यांनी पायातली एक चप्पल सरळ केली.



एज्राला हे गप्प राहणं ओळखीचं होतं. याच वाडीत तो वाढला. याच माणसाने त्याला दहा आज्ञा शिकवल्या. नववी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नये ही, चुकली तेव्हा चिंचेच्या फोकाने शिकवली. आजही कुठे 'सत्य' हा शब्द आला की एज्राची पोटरी चुरचुरत असे. त्या चुरचुरीवरच त्याने पुढे नाव कमावलं. कोंबडा आरवण्याआधी गुरूला नाकारणाऱ्या शिष्यावरचं त्याचं प्रवचन जिल्ह्यात गाजलं होतं. त्यात योग्य जागी तो कोंबड्याचा आवाजही काढत असे. लोकांना तो फार आवडे.

तेवढ्यात याकोबराव भालेराव आले. हे मंडळीचे पंच. साहेब येणार म्हणून त्यांनी कोट घातला होता. वैशाखात.

"सलाम, साहेब."

"सलाम. याकोबराव, हे काय चाललंय? गावाचा त्रास आहे असं ऐकलं होतं. आणि इथे तर..."

"त्रास आहे ना! भरपूर आहे." याकोबराव घाईने म्हणाले. साहेब त्रासावाचून परत जातील की काय, अशी त्यांना धास्ती वाटली असावी. "पाऊस नाही. वाडीची विहीर आटली. गावाने खंडोबाला साकडं घातलं, सगळ्यांनी सामील व्हा म्हणाले. आम्ही म्हणालो, आम्ही आमच्या देवाची प्रार्थना करू. पाऊस काही पडला नाही."

"कुणाचाच नाही?"

"कुणाचाच नाही. मग गाव म्हणालं, तुमच्यामुळे अडलाय. चावडीवर बैठक बसली. गावच्या आडावर चर्चच्या माणसाला पाणी नाही. जो चावडीवर येऊन 'मी चर्चचा नाही' म्हणेल आणि कपाळाला भंडारा लावून घेईल, त्याला पाणी."

एज्राच्या अंगावर काटा आला. काट्याबरोबर थोडं बरंही वाटलं. भट्टी होती तर. तिचा पत्ता तेवढा चुकला होता.

"आणि आपले लोक?"

"खांबासारखे उभे राहिले, साहेब!"

"सगळे?"

याकोबरावांनी बाबांकडे पाहिलं. बाबा चपलांकडे पाहत होते.

"एक सोडून," याकोबराव म्हणाले. "मार्तंड खरात. दुसऱ्याच दिवशी चावडीवर गेला आणि म्हणाला, मी चर्चचा नाही. भंडारा लावून घेतला. नाव मार्तंड, त्यामुळे लावणाऱ्यालाही काही अवघड वाटलं नाही."

"अरेरे..."

"आम्ही गप्प बसलो नाही. मंडळी बोलावली. हात वर करून ठराव केला. मार्तंडला प्रभुभोजन बंद."

"योग्य केलंत."

"आणि चपलांपाशी बसणंही बंद."

एज्रा चपापला. ज्याच्यावर मंडळीची शिस्त लागते त्याने मागे, चपलांपाशी बसायचं, ही मिशनरी साहेबांच्या वेळची रीत होती. भांडखोर बसले, दारुडे बसले, दुसरं लग्न केलेला एक हवालदार तर वर्षभर बसला. पण चपलांपाशीही नाही?

"शिस्त म्हणजे शिस्त, साहेब," याकोबराव म्हणाले. "त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे आत बसलोय, आणि बाबा उपदेश मधेच सोडून खाली उतरले. म्हणाले, बाहेर या. सगळे बाहेर आलो. आम्हाला वाटलं, भूकंप वगैरे. तर यांनी कुलूप लावलं आणि इथे चपलांत येऊन बसले. तेव्हापासून इथेच. ज्याला उपासना हवी त्याने पायरीवर यावं म्हणतात. आता कोट घालून माणूस पायरीवर कसा बसणार?"

एज्रा उठला. गेलेला आवाज त्याला परत सापडला होता.

"बाबा, तुम्ही एका नाकारणाऱ्यासाठी देवाचं घर बंद केलंत? उभ्या राहिलेल्यांना बाहेर काढलंत? दिवस कठीण आहेत म्हणून सत्य सोपं होतं का? माणसांसमोर ज्याने प्रभूला नाकारलं त्याचं पुढे काय होतं, हे तुम्हीच मला शिकवलंत!"

"शिकवलं."

"मग खोटं बोललेलं आता चालतं?"

"नाही. खोटं ते खोटं. मी मार्तंडला तोंडावर सांगितलं."

"मग?"

"मग त्याने माझा माठ भरला."

एज्राला हे नीट कळलं नाही. त्याने हात पुढे केला.

"किल्ली द्या, बाबा. जिल्ह्याच्या मंडळीच्या वतीने मागतोय."

बाबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली होती. त्यांनी ती सदऱ्यातून बाहेर काढली, पाहिली, परत आत टाकली.

"देईन. तुलाच देईन. थोडा थांब. बोलून घसा कोरडा झाला असेल. पाणी देऊ?"

झाला होता. एज्राने तांब्या तोंडाला लावला.

"गोड आहे ना?"

"फार."

"आडाचं आहे. गावच्या."

तांब्या तोंडाशीच थांबला.

"गावच्या आडाचं? पण आपल्याला तर तिथे..."

"आपल्याला बंदी आहे. मार्तंडला नाही."

एज्राने याकोबरावांकडे पाहिलं. याकोबराव पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

"याकोबराव... तुम्हीसुद्धा?"

"ठराव पाण्याबद्दल नव्हता, साहेब."

"तुम्ही त्याचं पाणी पिता?"

"मंडळीत नाही घेत. घरी घेतो."

 पायरीवर सावली धरणाऱ्या लिंबाची एक वाळकी काडी एज्राच्या बुटावर पडली.

नकळत त्याने तांब्यातला आणखी एक घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. थुंकणं शक्य नव्हतं. दुष्काळात पाणी थुंकणाऱ्याला वाडीने जोड्याने मारलं असतं. गिळणं... त्याने गिळलं. गिळताना मोठा आवाज झाला.

"सगळी वाडी पिते," बाबा म्हणाले. "त्याच्या घरात बाळंतीण आहे. लेक पहिलटकरीण, माहेरी आली, आणि विहीर आटली. तिच्यासाठी गेला तो. दोन घागरी आणायला परवानगी मिळाली. आता दिवसभर कावड घेऊन फिरतो."

"आणि गावाला कळत नाही?"

"एका बाळंतिणीला एवढं पाणी लागत नाही, हे पाटलाला कळत नाही होय? पाटलाला पाच लेकरं आहेत. पण मार्तंड खोटं बोलतो तोवर त्याला आंधळं राहता येतं."

"बाबा, आणि तुम्ही हे... चालू दिलंत?"

"ठराव झाल्यावरच्या रविवारी मी उपदेशाला उभा राहिलो," बाबा म्हणाले. "विषय काय होता ते आता आठवत नाही. घसा सुकला. समोर तांब्या होता. मी पाणी प्यालो..."

ते थांबले.

"मग कुलूप लावलं."

वाटेवर कावडीची करकर ऐकू आली. वाडीतल्या बायका आपापल्या दारात भांडी घेऊन आल्या, पण पुढे कुणी आली नाही. साहेब आलेत हे सगळ्यांना माहीत होतं.

एज्रा शहरात गेल्यानंतर वाडीत राहायला आलेला मार्तंड खरात त्याच्याच वयाचा निघाला. नाकारणारा माणूस कसा दिसतो याबद्दल एज्राच्या काही कल्पना होत्या. त्यांतली एकही जमली नाही. खांद्याला कावडीने घट्टे पडलेले, धोतर गुडघ्यावर, वाडीच्या शिवेवर येताच बाहीने कपाळ पुसून घेतलेलं. भुवईत मात्र पिवळा भंडारा राहिला होता.

त्याने माठ भरला. सावलीत आला नाही. उन्हातच उभा राहिला.

"सलाम, बाबा. सलाम, साहेब."

एज्राच्या तोंडातून सलाम निघाला की नाही, त्याला स्वतःलाही समजलं नाही.

"बाबा, उद्या चावडीवर जातो," मार्तंड म्हणाला. "सांगून टाकतो."

"काय सांगतोस?"

"खोटं बोललो म्हनून. आहे तोच आहे म्हनून."

 बाबांच्या आधी याकोबरावच बोलले. कोटासकट ते पुढे झाले.

"वेड लागलं का तुला? आत्ता? अरे, मृग तोंडावर आलाय! तेवढे दिवस काढ ना! मग सांग काय सांगायचं ते."

"अण्णा, तुम्हीच म्हनला होता ना, माझ्या तोंडात किडे पडतील?"

"म्हणालो असेन! माणूस रागात बोलतो! तुझी बाळंतीण काय पिणार, ते सांग."

"तीच म्हनली," मार्तंड म्हणाला. त्याने कावड खाली ठेवली. "काल सांजच्याला म्हनली, आबा, लेकराचा बाप्तिस्मा करायचाय. तर पानी कुठलं घ्यायचं?"

याकोबरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"मी म्हनलं, माठातलं. तर म्हनली, त्या पान्यानं मी लेकराला न्हाऊ घालीन, आबा. त्यानं मला दूध येतं, त्याला मी नावं ठेवनार न्हाई. पर ते पानी डोक्यावर घालून लेकराला काय सांगू? तुला ज्याच्या नावानं पानी घातलं, त्याला तुझ्या आज्यानं न्हाई म्हनलं, म्हनून हे पानी मिळालं?"

त्याने पुन्हा बाहीने कपाळ पुसलं. तिथे आता काही नव्हतं.

"मला जवाब आला न्हाई, साहेब."

तो एज्राकडे पाहत होता. एज्राला वाटलं, आपल्यामागे कुणी उभं असावं. त्याने मागे पाहिलं. मागे कुलूप होतं.

"बाप्तिस्मा थांबतो," याकोबराव म्हणाले. "तहान थांबत नाही."

"खरं हाय," मागून कुणी म्हणालं. सारूबाई होती. वाडीतली सर्वांत म्हातारी विधवा, रिकामी घागर कमरेवर घेऊन ती एकटीच पुढे आली होती. "ह्यो एकटा खोटं बोलतो, आनि आपुन सगळे खरे राहतो. ब्येस चाललंय की. पंच म्हनत्यात तसंच, उगं कशापायी मोडायचं?"

"सारूबाई, तू मधे बोलू नको."

"बरं. घागर तेवढी भरा. मग न्हाई बोलत."

याकोबराव तिला सोडून एज्राकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"साहेब, तुम्ही सांगा याला. तुम्ही शिकलेले. जिल्ह्याचे. तुमचा शब्द ऐकेल तो."

सगळे एज्राकडे पाहू लागले. दारातल्या बायकासुद्धा. हातात घागरी, पातेली, डालड्याचे डबे. कुठल्याशा घरातून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. बारीक, कोरडं.

एज्रा बोलायला उभा राहिला. हे त्याचं कामच होतं. सत्याची किंमत या विषयावर त्याच्याजवळ तासभर पुरेल इतकं होतं, दाखल्यांसकट. मार्तंड पदरचं काही मागत नव्हता. तो फक्त 'जा' म्हणा एवढंच मागत होता. एका शब्दाचं काम.

एज्राने तोंड उघडलं.

माठ काठोकाठ भरलेला होता. वरून एक थेंब ओघळला आणि मातीत गेला. बायका त्या थेंबाकडे पाहत होत्या.

"मार्तंड..." तो म्हणाला. "थोडे दिवस... म्हणजे, पाऊस पडेपर्यंत... नका बोलू."

आवाज त्याचाच होता. व्यासपीठावरचा, घुमणारा. त्याने चमकून आजूबाजूला पाहिलं. हे दुसरं कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

कुठे कोंबडा आरवला नाही. वाडीतले कोंबडे दुष्काळाने केव्हाच संपवले होते.

एज्रा बसला. शेजारच्या ओट्यावर बसायला म्हणून गेला आणि ओटा चुकून पायरीवर टेकला, खालच्या, बाबांच्या शेजारी, चपलांत. कॅमेरा दगडावर आपटला. त्याने तो पाहिलाही नाही.  हात त्याने गुडघ्यांखाली घातले.

याकोबराव खूश झाले होते. "ऐकलंस ना, मार्तंड? साहेबच म्हणतात..."

ते मधेच थांबले. साहेब काय म्हणाले, हे बहुधा त्यांनाही आता ऐकू आलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग खालचं.

मार्तंड एज्राकडे बराच वेळ पाहत राहिला. मग हळूहळू त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. ते हसू होतं, हे एज्राला जरा उशिरा कळलं.

"बरं वाटलं, साहेब."

"बरं?"

"मला वाटायचं, हे मला एकट्यालाच सुचलं."

 एज्राला काहीतरी म्हणायचं होतं. क्षमा, किंवा तसंच काही. शब्द माहीत होता, रोजच्या वापरातला होता, पण सापडेना.

"पर मी जानार, साहेब," मार्तंड म्हणाला. "तुमचा राग न्हाई. लेकीला जवाब द्यायचाय."

"उद्यापासून पाणी?" याकोबरावांनी विचारलं. हे त्यांनी पंच म्हणून विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाने विचारावं तसं विचारलं.

"ठावं न्हाई, अण्णा."

"पाटलाला आता डोळे उघडावे लागतील," बाबा म्हणाले.

"उघडून काय बघेल?" याकोबराव म्हणाले.

"ते त्याचं तो बघंल," सारूबाई म्हणाली. "मी बी येते उद्या चावडीवर. मला काय करनार? दात पाडायचे तर ते हाईत कुठं?"

याकोबरावांनी कोट काढला. घडी केली. कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून राहिले. मी येतो असं ते म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

मार्तंडने कावड उचलली. उचलून तसाच थांबला. वाडीतल्या बाकीच्या भांड्यांकडे पाहिलं, आणि मग चर्चच्या दाराकडे.

"बाबा... एक मागू?"

"माग."

"उद्याचं काय होईल ते होईल. त्याच्याआधी एकदा आत बसू द्याल? पुढं न्हाई. चपलांपाशी."

याकोबरावांचे ओठ हलले. ठराव त्यांच्या तोंडाशी आला होता. हात वर करून केलेला, एकमताने झालेला. एज्राला तो दिसला. मग याकोबरावांनी तो गिळला. गिळताना आवाज झाला. तो आवाज एज्राच्या ओळखीचा होता.

बाबांनी माठातून तांब्या भरला आणि एज्रापुढे धरला.

एज्राने तांब्याकडे पाहिलं. मघाशी दोन तांबे तो न विचारता प्याला होता. आता पाणी तेच होतं. तळाशी आडातली थोडी माती होती.

"बाबा, हे आता मला..."

बाबांनी तांब्या मागे घेतला नाही.

एज्रा प्याला. हळूहळू, घोट घोट, तळच्या मातीपर्यंत. मग तांब्या त्याने मार्तंडला दिला नाही, याकोबरावांना दिला नाही. दोन्ही हातांत धरून लहान मुलासारखा बसून राहिला. डोळे भरून आले होते. दुष्काळात तेवढंही पाणी वाया घालवल्याची त्याला लाज वाटली.

बाबांनी मानेवरून काळा दोरा काढला. किल्ली एज्राच्या तळहातावर ठेवली. छातीच्या उबेने ती गरम होती.

"उघड."

एज्रा दचकला. "मी?"

"मघाशी मागत होतास."

"मघाशी... बाबा, आत्ता मी काय बोललो ते ऐकलंत ना तुम्ही? सगळ्यांसमोर बोललो..."

"ऐकलं."

"मग मी कुठल्या तोंडाने हे दार..."

बाबा उठले. सारूबाईच्या खांद्याला धरून उठले. पायांतल्या चपला काढल्या, आणि एज्राच्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवल्या.

"आणि तुम्हीच म्हणालात," एज्रा म्हणाला, "सगळे आल्याशिवाय उघडणार नाही..."

बाबांनी पायरीकडे पाहिलं. घामाने भिजलेला मार्तंड. कोट हातात घेतलेले याकोबराव. रिकाम्या घागरीची सारूबाई. चपलांत बसलेला जिल्ह्याचा चिटणीस.

"आले सगळे," ते म्हणाले. "उघड."